पार्सली म्हणजे कोथिंबीर नव्हे! ‘एक रुपयात किडनी साफ’ करणाऱ्या काढ्यात तथ्य किती आणि ही भाजी खायची, लावायची कशी?

‘एक रुपयात किडनी साफ करा’ हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेला असेल. एक जुडी पार्सली घ्या, स्वच्छ धुवा, बारीक चिरा, पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा आणि रोज एक ग्लास प्या. किडनीत साचलेलं मीठ आणि विष लघवीवाटे निघून जाईल, असा त्यात दावा असतो. गंमत म्हणजे त्याच मेसेजमध्ये पार्सली या शब्दापुढे ‘म्हणजेच कोथिंबीर’ असंही लिहिलेलं असतं.

आता हाच मेसेज रील होऊन परत आला आहे. कुणी त्याला ‘डिटॉक्स वॉटर’ म्हणतं, कुणी ‘ग्रीन ज्यूस’. काही व्हिडिओंमध्ये तर ‘पाळी लवकर यावी म्हणून पार्सलीचा चहा’ असाही सल्ला मिळतो. दुसरीकडे सुपरमार्केटच्या शेल्फवर, ऑनलाइन भाजीच्या ॲपवर आणि नर्सरीतल्या बियांच्या पाकिटांवर पार्सली सहज दिसू लागली आहे. त्यामुळे ही भाजी नेमकी आहे तरी काय, असा प्रश्न अनेकांना पडतो.

पार्सली ही पोषणाने भरलेली चांगली पालेभाजी आहे, यात शंका नाही. पण ताटात चिमूटभर पडणारी पार्सली आणि जुडीच्या जुडी उकळून प्यायलेली पार्सली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही लोकांसाठी हा फरक थेट औषधाच्या डोसवर, म्हणजे जीवावर बेतू शकतो. म्हणूनच ही भाजी नीट समजून घेऊया.

पार्सली नेमकी काय आहे?

पार्सलीचं शास्त्रीय नाव पेट्रोसेलिनम क्रिस्पम. ती मूळची भूमध्य समुद्राच्या आसपासच्या प्रदेशातली. ‘पेट्रोसेलिनॉन’ या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं. त्याचा अर्थ होतो खडकावर उगवणारी सेलरी.

तिचं कुटुंब मात्र आपल्या चांगलंच ओळखीचं आहे. कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर, सेलरी आणि हिंगाचं झाड हे सगळे पार्सलीचे भाऊबंद. या सगळ्यांना छत्रीसारखा फुलोरा येतो आणि जवळपास सगळ्यांना स्वतःचा ठळक वास असतो. कोथिंबिरीसारखी दिसत असली, तरी पार्सली ही कोथिंबिरीची जात नाही. दोन्ही वनस्पती वेगळ्या आहेत.

पार्सलीचे मुख्य प्रकार तीन.

- कुरळ्या पानांची पार्सली: हॉटेलात प्लेटच्या कडेला सजावटीसाठी ठेवतात ती. दिसायला सुंदर, चवीला सौम्य.
- सपाट पानांची पार्सली: हिला इटालियन पार्सलीही म्हणतात. वास आणि चव जास्त ठळक, त्यामुळे स्वयंपाकात हिलाच पसंती. कोथिंबीर समजून घरी येते ती बहुतेक वेळा हीच.
- कंदाची पार्सली: हिचं पांढरट, गाजरासारखं मूळ खातात. मध्य आणि पूर्व युरोपात सूपमध्ये वापरतात. आपल्याकडे ती सहसा दिसत नाही.

कोथिंबीर की पार्सली, ओळखायचं कसं?

सगळ्यात सोपी चाचणी वासाची. एक पान बोटात चुरडा. कोथिंबिरीचा वास आपल्याला डोळे मिटूनही कळतो. पार्सलीचा वास त्यापेक्षा सौम्य, थोडा गवतासारखा आणि सेलरीच्या जवळ जाणारा असतो.

दुसरी खूण पानाची. कोथिंबिरीच्या पानाची टोकं गोलसर आणि पान नाजूक असतं. सपाट पार्सलीची टोकं अणकुचीदार, पान थोडं जाड आणि रंग जास्त गडद असतो.

नावाचा आणखी एक घोळ आहे. काही पाकिटांवर आणि वेबसाइटवर पार्सलीला ‘अजमोद’ किंवा ‘अजमोदा’ म्हटलेलं असतं. आयुर्वेदात अजमोदा या नावाने जी फळं वापरली जातात, ती याच कुटुंबातल्या पण वेगळ्या वनस्पतींची असतात. त्यामुळे अजमोदाचे गुण वाचून पार्सलीचा काढा करणं म्हणजे पत्ता एकाचा आणि पार्सल दुसऱ्याला, असा प्रकार.

मेलेल्यांपासून विजेत्यांपर्यंत: पार्सलीचा प्रवास

प्राचीन ग्रीसमध्ये सेलरी आणि पार्सली यांच्या नावांत आजच्यासारखी स्पष्ट सीमा नव्हती. ‘सेलिनॉन’ नावाच्या या हिरव्या पाल्याचा संबंध मृत्यूशी जोडलेला होता, थडग्यांवर तो वाहिला जाई. आणि त्याच पाल्याचा मुकुट नेमियाच्या क्रीडास्पर्धांमधल्या विजेत्यांना मिळत असे.

पुढे पार्सली युरोपभर पसरली आणि स्वयंपाकघरात स्थिरावली. लेबनॉनमधल्या ‘तबूले’ या सॅलडमध्ये पार्सली ही वरून भुरभुरायची गोष्ट नाही, तीच मुख्य भाजी आहे. इराणच्या ‘घोर्मे सब्जी’ या रस्सा भाजीत ती भरपूर लागते. इटलीत लसूण आणि लिंबाच्या सालीसोबत तिची ‘ग्रेमोलाता’ होते, तर अर्जेंटिनात भाजलेल्या मांसासोबत ‘चिमिचुरी’ नावाची चटणी खातात, तिचा पाया पार्सलीच. ज्यू धर्मीयांच्या पासओव्हर सणाच्या ताटात एक हिरवी भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून खातात. अनेक घरांत त्यासाठी पार्सली वापरतात.

म्हणजे या देशांमध्ये पार्सलीचं स्थान तेच आहे, जे आपल्याकडे कोथिंबिरीचं. आपल्याकडे जसं कांदेपोह्यांवर कोथिंबीर नसेल तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, तसं तिथे पार्सलीशिवाय वाटतं.

पार्सलीत नेमकं काय असतं?

आता आकड्यांकडे वळूया. १०० ग्रॅम ताज्या पार्सलीत साधारण एवढे घटक मिळतात.

- ऊर्जा: ३६ किलोकॅलरी
- प्रथिनं: सुमारे ३ ग्रॅम
- तंतुमय पदार्थ: ३.३ ग्रॅम
- क जीवनसत्त्व: १३३ मिलिग्रॅम
- के जीवनसत्त्व: १६४० मायक्रोग्रॅम
- फोलेट: १५२ मायक्रोग्रॅम
- लोह: ६.२ मिलिग्रॅम
- कॅल्शियम: १३८ मिलिग्रॅम
- पोटॅशियम: ५५४ मिलिग्रॅम

तुलनेसाठी, १०० ग्रॅम कोथिंबिरीत क जीवनसत्त्व सुमारे २७ मिलिग्रॅम, के जीवनसत्त्व ३१० मायक्रोग्रॅम आणि लोह १.८ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. कागदावर पार्सली सरळसरळ पुढे आहे.

पण इथेच रील आणि वास्तव यांच्यात फरक पडतो. कारण १०० ग्रॅम पार्सली कुणी खात नाही. एक मोठा चमचा चिरलेली पार्सली भरते जेमतेम ४ ग्रॅम. समजा, तुम्ही दिवसभरात १० ग्रॅम खाल्ली. त्यातून ०.६ मिलिग्रॅम लोह मिळेल. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोहाची गरज असते. म्हणजे त्या १० ग्रॅममधून गरजेच्या २ टक्के लोह मिळालं. ‘पार्सली खा, हिमोग्लोबिन वाढवा’ हे म्हणणं या हिशेबात टिकत नाही.

क जीवनसत्त्वाचा हिशेब थोडा बरा आहे. १० ग्रॅम पार्सलीतून सुमारे १३ मिलिग्रॅम मिळतं. प्रौढ स्त्रीची शिफारस केलेली रोजची मात्रा ६५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. शिवाय वनस्पतींमधलं लोह शरीरात शोषलं जायला क जीवनसत्त्व मदत करतं. त्यामुळे डाळ किंवा उसळीवर कच्ची पार्सली आणि लिंबू घेतलं, तर फायदा आहेच. पण याच कामासाठी आपल्याकडे पेरू आणि आवळा आहेत आणि त्यांच्यात क जीवनसत्त्व पार्सलीपेक्षाही जास्त असतं.

मग ‘के’ जीवनसत्त्वाचं काय? इथे लक्ष द्या

वरच्या यादीतला सगळ्यात मोठा आकडा ‘के’ जीवनसत्त्वाचा आहे. हे जीवनसत्त्व डॅनिश शास्त्रज्ञ हेन्रिक डॅम यांनी शोधलं. रक्त गोठण्याच्या क्रियेला डॅनिश आणि जर्मन भाषेत जो शब्द आहे, त्याच्या ‘के’ या आद्याक्षरावरून त्याचं नाव पडलं. या शोधासाठी डॅम आणि त्याची रासायनिक रचना उलगडणारे एडवर्ड डॉयझी यांना १९४३ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

जखम झाल्यावर रक्त थांबतं, त्यामागे यकृतात तयार होणारी काही प्रथिनं असतात. ती कार्यक्षम व्हायला के जीवनसत्त्व लागतं. निरोगी माणसाला यातून काही धोका नाही. पण घरात कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर गोष्ट वेगळी.

वॉरफेरिन हे असंच एक औषध. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत, सडलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने का मरतात, याचा शोध घेताना या औषधाची वाट सापडली. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्याचं विष म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांवरच्या उपचारासाठी त्याला मान्यता मिळाली. भारतात याच गटातलं ॲसिनोकुमारॉल हे औषधही मोठ्या प्रमाणात वापरलं जातं. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांना अशी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते.

ही औषधं काम करतात ती के जीवनसत्त्वाच्या मार्गात अडथळा आणून. आता हिशेब करा. अर्धी वाटी, म्हणजे साधारण ३० ग्रॅम पार्सलीत सुमारे ४९० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असतं. अमेरिकेतल्या मानकांनुसार पुरुषाला दिवसाला १२० आणि स्त्रीला ९० मायक्रोग्रॅम पुरेसं मानलं जातं. म्हणजे एका ग्लास ‘ग्रीन ज्यूस’मधून चार-पाच दिवसांचा साठा एका वेळी पोटात जाऊ शकतो. अशा वेळी गोळीचा परिणाम कमी होतो, रक्त पुन्हा घट्ट होऊ लागतं आणि झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती गुठळी मेंदूकडे गेली, तर पक्षाघात होऊ शकतो.

याची उलटी बाजूही आहे. रोज ज्यूस पिणाऱ्या रुग्णाची गोळी डॉक्टरांनी त्यानुसार वाढवली आणि नंतर ज्यूस अचानक बंद केला, तर रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

मग अशा रुग्णांनी पालेभाजी खायचीच नाही का? तसं नाही. डॉक्टर सांगतात ते एवढंच की प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा. आठवडाभर काही नाही आणि रविवारी मोठा ग्लास, असं करू नका. आहारात मोठा बदल करणार असाल, तर आधी डॉक्टरांना सांगा आणि ‘आयएनआर’ची रक्ततपासणी वेळेवर करा. रक्त पातळ करणाऱ्या काही नव्या गोळ्या के जीवनसत्त्वाच्या मार्गाने काम करत नाहीत, त्यांच्याबाबत ही अडचण येत नाही. तुमच्या घरातली गोळी कोणत्या गटातली आहे, हे डॉक्टर किंवा औषध दुकानातले फार्मासिस्ट सांगू शकतात.

किडनी खरंच ‘साफ’ होते का?

या दाव्याच्या मुळाशी एक लहानसं सत्य आहे. पार्सली पूर्वापार लघवी वाढवणारी वनस्पती मानली जाते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रयोगशाळेतल्या उंदरांना पार्सलीच्या बियांचा अर्क दिल्यावर त्यांची लघवी वाढल्याचं दिसलं.

पण लघवी जास्त होणं म्हणजे किडनी साफ होणं नव्हे. किडनी ही काही जाळी नाही, की जिच्यात कचरा अडकतो आणि मग ती धुवावी लागते. आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा शरीरात परत घेतात आणि साधारण दीड लिटर लघवी बाहेर टाकतात. शरीर साफ करण्याचं काम तीच करते, तिला साफ करण्यासाठी वेगळा काढा लागत नाही.

उलट काही जणांना या काढ्याचा त्रासच होऊ शकतो.

मुतखडा असलेल्यांना: सगळ्यात जास्त आढळणारे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि पार्सलीत ऑक्झलेट असतं. पालक आणि इतर ऑक्झलेट असलेल्या भाज्यांचे ज्यूस भरपूर प्यायल्यामुळे किडनीला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांमध्ये नोंदवल्या गेल्या आहेत.

किडनीचा जुना आजार असलेल्यांना: किडनी कमजोर झाली की शरीरातलं जादा पोटॅशियम बाहेर पडत नाही. ते रक्तात वाढलं, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा रुग्णांना आणि डायलिसिसवर असलेल्यांना आहारतज्ज्ञ भाज्याही मोजून देतात. त्यांच्यासाठी जुडीभर पार्सलीचं पाणी हा घरगुती उपाय नाही, धोका आहे.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र वेगळंच आहे. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही किडनी खराब होण्याची प्रमुख कारणं. हा आजार सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. पायावर सूज येईपर्यंत बराच उशीर झालेला असू शकतो. त्या काळात माणूस काढा पीत राहिला आणि ‘किडनी साफ होतेय’ या समाधानात तपासणी टाळत राहिला, तर हातातला मोलाचा वेळ जातो. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन, या दोन साध्या तपासण्यांतून किडनीची खरी अवस्था कळते. घरात मधुमेह किंवा बीपीचा रुग्ण असेल, तर वर्षातून एकदा या तपासण्या करून घेणं हेच किडनीसाठी सगळ्यात कामाचं.

पाळी लवकर येण्यासाठी पार्सली? हा प्रयोग नकोच

लग्न, पूजा, प्रवास किंवा परीक्षा आली, की पाळीची तारीख मागेपुढे करण्याचे उपाय इंटरनेटवर शोधले जातात. पार्सलीचा चहा हा त्यातलाच एक. हा समज आजचा नाही. पार्सलीच्या बियांमध्ये आणि त्यांच्या तेलात ‘एपिऑल’ नावाचं रसायन असतं. एकोणिसाव्या शतकात युरोपात ते पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून विकलं जाई आणि पुढे गर्भपातासाठी लपूनछपून वापरलं गेलं. त्यात यकृत आणि किडनी निकामी होऊन स्त्रियांचे मृत्यू झाले.

ही केवळ जुन्या काळातली गोष्ट नाही. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका महिला मासिकाच्या वेबसाइटने पाळी येण्यासाठी योनीमार्गात पार्सली ठेवण्याचा सल्ला छापला होता. डॉक्टरांनी त्यावर जोरदार टीका केल्यावर तो काढून टाकण्यात आला. त्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट २०१८ मध्ये, अर्जेंटिनात गर्भपाताला कायदेशीर मान्यता देणारं विधेयक सिनेटने फेटाळलं. त्यानंतर काही दिवसांतच तिथल्या एका महिलेचा पार्सली वापरून गर्भपाताचा प्रयत्न केल्यानंतर जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. तिथे गर्भपात कायदेशीर झाला तो डिसेंबर २०२० मध्ये.

भारतात परिस्थिती वेगळी आहे. इथे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, कायद्यात दिलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने आणि काही विशिष्ट गटांतल्या स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यामुळे पाळी चुकली असेल, तर आधी गर्भधारणा चाचणी आणि मग स्त्रीरोगतज्ज्ञ, हा रस्ता आपल्याकडे उपलब्ध आहे. काढ्याच्या मागे लागायचं कारण नाही.

गरोदर स्त्रीने भाजीवर किंवा सूपमध्ये घातलेली थोडी पार्सली खाल्ली, तर घाबरण्यासारखं काही नाही. पण पार्सलीचा काढा, बियांचा अर्क, तेल किंवा कॅप्सूल या काळात पूर्णपणे टाळावं.

मग पार्सली खायची कशी?

एवढं वाचून पार्सलीची भीती बसली असेल, तर ती काढून टाका. निरोगी माणसाने रोज एक-दोन मोठे चमचे चिरलेली पार्सली खाणं हा जेवणाचाच भाग आहे. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, म्हणून ती कच्ची किंवा गॅस बंद केल्यावर घालावी. के जीवनसत्त्व तेलात विरघळणारं असल्याने सोबत थोडं तेल किंवा दाण्याचं कूट असेल, तर ते अंगी लागतं.

घरात करून बघता येतील असे काही प्रकार:

- तबूले: दोन वाट्या बारीक चिरलेली पार्सली, पाव वाटी शिजवून गार केलेला गव्हाचा दलिया, एक टोमॅटो, एक छोटा कांदा, थोडा पुदिना. वरून लिंबू, मीठ आणि चमचाभर ऑलिव्ह तेल. दलिया कमी आणि पार्सली जास्त, हीच या सॅलडची खूण. हे चार जणांना पुरतं.
- ग्रेमोलाता: बारीक चिरलेली पार्सली, किसलेली लिंबाची पिवळी साल आणि चिरलेला लसूण एकत्र करा. मसूरच्या आमटीवर किंवा तळलेल्या माशावर भुरभुरून बघा.
- कोशिंबीर: काकडी किंवा गाजराच्या कोशिंबिरीत कोथिंबिरीच्या जागी पार्सली. दाण्याचं कूट आणि लिंबासोबत तिची चव चांगली जुळते.
- ऑम्लेट आणि बटाटा: उकडलेल्या बटाट्यावर लोणी, मिरपूड आणि पार्सली. ऑम्लेटच्या मिश्रणातही छान लागते.

पोहे, मिसळ, वडे यांत मात्र पार्सली कोथिंबिरीची जागा घेत नाही. तिची चव सौम्य आणि किंचित कडसर असते, मसाल्यापुढे ती हरवते. काही लोकांना कोथिंबीर साबणासारखी लागते, त्यामागे वास ओळखणाऱ्या जनुकातला फरक असल्याचं संशोधनात दिसलं आहे. अशांसाठी पार्सली हा चांगला पर्याय आहे.

जुडी आणल्यावर देठं ग्लासभर पाण्यात बुडवून, वरून पिशवी झाकून फ्रीजमध्ये ठेवली, तर आठवडाभर टिकते. उरलेली पार्सली चिरून तेलासह बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता येते. वाळवल्यावर तिचा वास बराच कमी होतो.

घरच्या कुंडीत पार्सली लावायची कशी?

पार्सली विकत घेतली की एक अडचण होते. लागते दोन चमचे आणि उरलेली जुडी फ्रीजमध्ये पिवळी पडते. म्हणूनच ती कुंडीत लावणं सोयीचं. महाराष्ट्राच्या हवेत तिचा खरा हंगाम हिवाळा.

१. वेळ: पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर ते नोव्हेंबर. तिला थंड हवा मानवते.

२. कुंडी: पार्सलीचं सोटमूळ खोल जातं, म्हणून किमान ८ ते १० इंच खोल कुंडी घ्या. तळाला भोक हवंच, कारण पाणी साचलं की मूळ कुजतं. बागेतली माती, कोकोपीट आणि कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत समप्रमाणात मिसळा.

३. बी: पेरणीआधी बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. दुसऱ्या दिवशी ते पाणी फेकून द्या आणि थेट कुंडीत अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. मुळं दुखावलेली तिला आवडत नाहीत, म्हणून रोप हलवणं टाळलेलं बरं.

४. धीर: इथेच बहुतेक जण हरतात. कोथिंबीर आठवड्या-दीड आठवड्यात वर येते, पार्सलीला दोन ते चार आठवडे लागतात. इंग्लंडमध्ये तर गमतीने म्हणतात, की पार्सलीचं बी उगवण्याआधी सैतानाकडे अनेक फेऱ्या मारून येतं. तोवर माती सतत ओलसर ठेवा. वर ओलं गोणपाट टाकलं तर ओल टिकते, मात्र कोंब दिसताच ते काढून घ्या.

५. विरळणी आणि ऊन: रोपं दोन-तीन इंचांची झाली की एका कुंडीत तीन-चार जोमदार रोपं ठेवा. दिवसाला चार ते सहा तास ऊन पुरतं. फेब्रुवारीनंतर दुपारच्या उन्हापासून आडोसा द्या.

६. काढणी: पेरणीपासून अडीच-तीन महिन्यांत पानं कापता येतात. नेहमी बाहेरच्या बाजूचे देठ बुडापासून कापा, मधला कोंब राहू द्या. एकच रोप अनेक आठवडे पानं देत राहतं.

७. कीड: मावा दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा किंवा कडुनिंबाच्या अर्काची फवारणी करा. खाण्याआधी पानं वाहत्या पाण्यात नीट धुवा.

पार्सली ही द्विवार्षिक वनस्पती आहे. पहिल्या वर्षी पानं आणि दुसऱ्या वर्षी फुलं, असा तिचा क्रम. फुलोरा आला की पानं कडवट होतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती टिकवणं कठीण असल्याने तिला हिवाळ्यातलं पीक समजून दरवर्षी नव्याने पेरलेलं चांगलं.

एक महत्त्वाची सूचना. पेरणीच्या पाकिटातल्या बियांना अनेकदा बुरशीनाशक लावलेलं असतं. ते बी काढ्यात किंवा चहात कधीही वापरू नका. तसंच ट्रेकला गेल्यावर दिसलेली ‘पार्सलीसारखी’ रानवनस्पती तोडून खाऊ नका. याच कुटुंबात हेमलॉकसारख्या अतिविषारी वनस्पतीही आहेत. सॉक्रेटिसला देण्यात आलेलं विष हेमलॉकचंच होतं, असं मानलं जातं.

थोडक्यात लक्षात ठेवा

- पार्सली आणि कोथिंबीर वेगळ्या आहेत. दोन्ही पौष्टिक आहेत आणि पार्सली मिळाली नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही.
- जेवणात चमचा-दोन चमचे पार्सली सुरक्षित. जुडीभर उकळून किंवा ज्यूस करून रोज पिणं टाळा.
- वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेत असाल, तर आहारात बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला.
- मुतखडा, किडनीचा आजार किंवा गरोदरपण असेल, तर काढा, अर्क आणि तेल यांपासून दूर राहा.
- किडनीची काळजी वाटत असेल, तर क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करा.

आणि पुढच्या वेळी ‘एक रुपयात किडनी साफ’ हा मेसेज ग्रुपवर आला, तर तो पुढे पाठवण्याआधी एकदा आठवून बघा: या ग्रुपमध्ये कुणाची झडप बदललेली आहे? कुणाची डायलिसिस सुरू आहे? कुणी गरोदर आहे? बहुतेक कुटुंबांच्या ग्रुपमध्ये यांपैकी कुणी ना कुणी असतंच आणि मेसेज वाचून सकाळी पातेलं गॅसवर ठेवणारी व्यक्ती नेमकी तीच असू शकते.